खोली तिला दाखवलीच नाही

हॉटेलात आपलं मूल झोपत नाही, याचा दोष मी बरेच महिने हॉटेलांवर टाकत होते. गाद्या फार मऊ, पडदे पातळ, कॉरिडॉरमध्ये मध्यरात्रीपर्यंत बॅगांची चाकं वाजतात, शेजारच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगतो. यातलं काही खोटं नव्हतं. पण सकाळी नाश्त्याला ओळख झालेल्या एखाद्या आईला विचारलं, तर तिचं मूल त्याच मजल्यावर रात्रभर झोपलेलं असायचं. मग मी म्हणायचे, तिचं मूल शांत स्वभावाचं असणार. माझ्या मुलीच्या स्वभावावर मी हा ठपका ठेवला, याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ती चिडकी नव्हती. आम्ही तिला ज्या तऱ्हेने झोपवत होतो, त्या तऱ्हेने मलाही झोप लागली नसती.

महाबळेश्वरची रात्र सांगते. लेक दीड वर्षाची होती आणि डिसेंबर होता. पुण्याहून आम्ही मुद्दाम जेवणानंतर निघालो. दुपारची झोप गाडीत होईल, म्हणजे प्रवासात रडारड नाही, असा माझा हिशेब. ती खंबाटकी घाटापर्यंत टक्क जागी, वाईत चहाला थांबलो तेव्हाही जागी, आणि पसरणी घाटाची वळणं सुरू झाल्यावर पाच वाजता झोपली. मला हायसं वाटलं. पाचगणी मागे पडली तरी मी तिला उठवलं नाही, उलट गाडीतलं गाणं बंद केलं. घरी तिची दुपारची झोप तीनच्या आत संपलेली असते. जागं राहण्याच्या तासांनी झोपेची ओढ तयार होत जाते, आणि मूल जितकं लहान तितकं हे गणित नाजूक. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, हे मला पाठ होतं. पण त्या तासांत दिवसाची झोपही धरलेली असते आणि ती कधी घेतली यावर रात्र ठरते, हे माझ्या डोक्यात नव्हतं. साडेआठला मी खोलीतले दिवे घालवले तेव्हा तिच्या अंगात झोप नव्हतीच. साडेदहाला ती दमली, पण तोवर दमण्याची वेळ टळून गेली होती. अशा वेळी मूल थकव्यानेच अधिक ताठ होतं, डोळे चोळतं आणि धावतं. ती रात्र आम्ही घाटातच घालवून बसलो होतो. खोलीत शिरण्याआधीच.

त्यानंतर मी जे केलं, ती माझी खरी चूक. तिला खांद्यावर घेऊन मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. तिथे मंद दिवे होते, लांब जाजम होतं. पाठीवर थोपटत, अंगाई गुणगुणत मी तिला तिथेच झोपवलं, आणि मान पुरती कलंडल्याची खात्री झाल्यावर अंधाऱ्या खोलीत नेऊन मोठ्या पलंगावर, दोन उशांच्या मध्ये अलगद ठेवलं. एक तासाने ती जी किंचाळली तशी मी तिला त्याआधी कधी ऐकली नव्हती. ते भुकेचं रडणं नव्हतं, हट्टाचं नव्हतं. ती माझ्या कुशीत असूनही माझ्याकडे बघत नव्हती, छताकडे आणि भिंतींकडे बघत होती.

लहान मुलाची झोप तासाभराच्या आसपास उथळ होते, आणि त्या टप्प्यावर ते क्षणभर जागं होतं. घरी हे रोज घडतं, आपल्याला कळतही नाही, कारण डोळा किलकिला झाला की भोवती सगळं जागच्या जागी असतं आणि मूल परत झोपतं. माझी लेक आईच्या खांद्यावर, दिव्यांच्या मंद उजेडात झोपली होती. जाग आली तेव्हा खांदा नाही, उजेड नाही, भिंती अनोळखी. ती खोली तिने उजेडात नीट पाहिलीच नव्हती. आम्ही संध्याकाळी पोचलो, बॅगा टाकल्या आणि तिला घेऊन लगेच बाजारात गेलो. ती झोपेत असताना मी तिची जागा बदलली होती, तिला न सांगता. दीड वर्षाच्या मुलाला काय सांगायचं, असं मला तेव्हा वाटलं असतं.

पुढे कधीतरी मी अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ मधला अभ्यास वाचला. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीक आवाजालाही तो अधिक तत्परतेने जाग आणतो, आणि त्याच माणसांना काही दिवसांनी तिथेच पुन्हा झोपवलं की हा फरक उरत नाही, असं त्यांना दिसलं. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे. तरी ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे छताकडे बघणारी माझी लेक आली. मोठ्या, शहाण्या माणसाचा मेंदू जर नव्या जागेत पहारा ठेवतो, तर तिने काय करायला हवं होतं?

त्या खोलीतला पंखाही माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणजे तो नव्हता, हे लक्षात आलं नाही. पुण्यात आमच्याकडे बाराही महिने पंखा फिरतो, थंडीतसुद्धा एकवर. त्याची घरघर ती जन्मापासून ऐकत आली आहे आणि त्या आवाजाखाली बाकीचे आवाज बुजून जातात. महाबळेश्वरच्या त्या शांततेत, आम्हाला जिचं कौतुक वाटत होतं त्या शांततेत, लिफ्टचं दार उघडलं तरी ती दचकत होती. उपाय म्हणून मी मोबाइलवर पावसाचा आवाज लावला आणि मोबाइल तिच्या उशाशी, आवाज पूर्ण वाढवून ठेवला. हेही चुकीचं होतं. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बाळांसाठी मिळणारी अशी १४ आवाजयंत्रं तपासली. ३० सेंटिमीटरवर, पूर्ण आवाजात ठेवल्यावर ती सगळीच ५० डेसिबलच्या वर गेली. रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षासाठी सांगितलेली मर्यादा ती आहे. आणि तीन यंत्रं ८५च्याही पुढे गेली. आता कधी लावावाच लागला तर मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि आवाज पंख्याइतका.

गोधडीचं तर सांगताना अजून चुटपुट लागते. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारीची शिवलेली ती गोधडी लेकीला हाताशी लागायचीच. आपण बाहेर जाणार, चारचौघांत ती स्वच्छ दिसावी म्हणून मी आदल्या दिवशी धुवून, उन्हात कडकडीत वाळवून घेतली. तिने ती नाकाशी नेली आणि बाजूला टाकली. घरातला एकमेव ओळखीचा वास मी साबणाने काढून टाकला होता.

दुपारी ती घरी झोळीत झोपायची. हॉटेलात झोळीला कडी कुठून असणार? दुसऱ्या दिवशी मी खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या मुठीला ओढणी बांधून झोळी करायला निघाले. नुसतं ओढून बघितलं आणि मूठ उपटून हातात आली. लेक आत नव्हती. ती आत असती तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. रात्री न झोपलेलं माणूस दिवसा कसले निर्णय घेतं, हे मी तेव्हा पाहिलं, आणि तसाच एक निर्णय पुढे कोल्हापूरच्या लग्नातही घेता घेता राहिला.

तिथे लॉजवर एका खोलीत आम्ही बरीच माणसं होतो, खाली मांडव, हळदीचा गोंधळ. लेक या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती आणि दहा वाजले तरी डोळा लागत नव्हता. आमच्यातल्याच एका प्रेमळ बाईने पर्समधून सर्दीच्या औषधाची बाटली काढली. ‘अर्धा चमचा दे गं, आम्ही सगळ्यांनी दिलंय.’ मी बाटली हातात घेतली. झाकण उघडलं. देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं बजावलेलं आहे, आणि त्या बाटलीवर तीच दोन नावं होती. मी ती वाचली म्हणून थांबले, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी थांबले ते नवऱ्याने हात धरला म्हणून. आधी महाबळेश्वरला मी जायफळही नेहमीच्या एका वेढ्याऐवजी कितीतरी जास्त उगाळून दुधात दिलं होतं. जायफळ घरातलं, म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण जास्त प्रमाणात ते विषारी ठरतं, छातीत धडधड आणि भ्रम होऊ शकतो. मूल झोपावं म्हणून त्याला काहीतरी पाजणं, हा विचारच मी आता मनातून काढून टाकला आहे. बाकीच्या चुकांबद्दल मी मऊपणे बोलेन, याबद्दल नाही.

उजेडाचं थोडक्यात सांगते. ती झोपत नाही तोवर आम्ही टीव्ही आवाज बंद करून बघत बसायचो, आणि कार्ड खाचेत घातलं की खोलीतले सगळे दिवे एकदम लागायचे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात ठेवलं, तर झोप आणणारं मेलाटोनिन ८८ टक्क्यांच्या आसपास दबलं, आणि उजेड गेल्यावर पन्नास मिनिटांनीही ते सावरलेलं नव्हतं. आमच्या खोलीतला उजेड तितका प्रखर नव्हता, पण जेवून आल्याबरोबर सगळे दिवे लावून तिचे कपडे बदलायचे आणि लगेच तिच्याकडून झोपेची अपेक्षा करायची, हे काही बरोबर नव्हतं.

बदल झाला तो दापोलीजवळच्या मुरूडला. तोवर ती दोन वर्षांची झाली होती आणि थोडं बोलत होती. यावेळी आम्ही पहाटे निघालो आणि खोली दुपारच्या आत मिळेल का, हे आधीच फोन करून विचारलं. कोपऱ्यातली खोली मागितली, पंखा चालतो का ते विचारलं, जमिनीवर अंथरायला एक साधी, घट्ट गादी मागितली. फोनवरच्या काकांनी कसलंही आश्चर्य न दाखवता ‘देतो की’ म्हटलं. इतकं सोपं होतं ते.

पोचल्यावर मी बॅगा उघडल्या नाहीत. जमिनीवर बसले आणि तिला खोलीत सोडलं. त्याआधी प्लगच्या जागा, किटलीची वायर, गॅलरीच्या दाराची कडी मी बघून घेतली होती. तिने कपाट उघडून आत बसून पाहिलं. पडदा ओढला, सोडला. न्हाणीघरात डोकावून ‘बादली’ म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून गादी अंथरली, न धुतलेली गोधडी तिनेच पसरली आणि बाहुलीला तिथे झोपवलं. ‘बाहुली इथे झोपणार, तू इथे, आई इथे, बाबा वर’ असं मी तिला सांगितलं. तिने ते परत मला सांगितलं. दुपारची झोप तिने तिथेच, उजेडात घेतली. उठल्यावर तिला सभोवार काय आहे ते दिसलं. रात्री घरच्याच क्रमाने सगळं केलं. हातपाय धुणं, दूध, तेच पुस्तक, तीच अंगाई, आणि ती जागी असतानाच तिला गादीवर ठेवलं. खांद्यावर झोपवलं नाही. वेळ लागला. मी शेजारी आडवी होते. ती पंख्याकडे बघत राहिली आणि झोपली.

रात्री ती उठली. ‘आई?’ म्हणाली. मी ‘इथे’ म्हटलं. ती किंचाळली नाही.

त्यानंतरची प्रत्येक रात्र सरळ गेली असं नाही. दात येत असताना, ताप असताना हॉटेलात रात्र वाईटच जाते, घरीही जाते. आणि एका बाबतीत माझं नि नवऱ्याचं अजून एकमत नाही. परक्या जागी ती रडून उठली की तिला सरळ आमच्या पलंगावर घ्यावं, असं तो म्हणतो. मला वाटतं, तिच्या गादीवर आपणच जावं, म्हणजे जागा बदलत नाही.

या मे महिन्यात नणंद तिच्या सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आमच्याबरोबर गणपतीपुळ्याला येते आहे. तिने फोनवर विचारलं, ‘वहिनी, सोबत काय काय घेऊ?’ मी तिला आधी हे सांगितलं की माझं सगळंच तिने उचलू नये. गोधडी, उशा, बाहुली हे वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात नकोच. बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, एकटं, पण आई-बाबांच्या खोलीतच. पलंग भिंतीला टेकवून मधल्या फटीत उशी कोंबायची नाही, बाळ तिथे अडकू शकतं. हॉटेलात पाळणा मिळत असेल तर त्याचे गज आणि गादीची फट हाताने तपासून घ्यायची. तिने सगळं लिहून घेतलं. मग तिने विचारलं, पहिल्या दिवशी मंदिर, समुद्र, सूर्यास्त असं सगळं धरायचं का? मी म्हटलं, पहिल्या संध्याकाळी तुम्ही सगळे जा. मी दोन्ही मुलांना घेऊन खोलीत थांबते.