पिवळी पाटी

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर बर्फ उभा राहतो. दोष आपल्या सिनेमांचा. शिफॉनच्या साडीतली नायिका थंडीने न काकडता बर्फावर गाणे म्हणते, आणि आपण समजतो की तो देश एवढाच. त्या बर्फाच्या अलीकडे, आल्प्सच्या पायथ्याशी, लाटांसारख्या हिरव्या टेकड्यांचा, गाईगुरांचा आणि लाकडी घरांचा एक मुलूख आहे, त्याची दखल सहलवाले फारशी घेत नाहीत. आम्हाला तो पाहायला मिळाला, कारण आमचा भाचा झुरिकला नोकरीला आहे आणि त्याने २०२३ च्या सप्टेंबरात हट्टाने आम्हाला बोलावून घेतले. आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको आणि चौऱ्याहत्तर वर्षांची अम्मी.

अम्मीचे दोन्ही गुडघे दुखतात. अब्बांच्या इंतेकालानंतर तिचे घराबाहेर पडणे जवळजवळ थांबले होते. लग्नकार्यात तिच्यासाठी पहिली खुर्ची ठेवली जाई आणि मग ती खुर्चीतच राही. आम्ही सगळे तिची काळजी घेत होतो, म्हणजे तिच्या वतीने ठरवत होतो. भाच्याचे बोलावणे येण्याआधी एका सहल कंपनीत चौकशीला गेलो होतो. वय आणि गुडघे ऐकल्यावर तिथल्या बाईंनी आम्हाला विचारले, “आजींना बसमध्ये बसवून ठेवलं तर चालेल ना?” अम्मी समोरच्याच खुर्चीवर बसलेली होती. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, “बस तर आपल्या एसटी स्टँडवरपण आहे.”

भाच्याने आम्हाला नेले ते आपेनत्सेलला. देशाच्या ईशान्य टोकाचा हा लहानसा प्रांत. दक्षिणेला आल्पश्टाइन नावाची डोंगररांग. तिचे सर्वांत उंच शिखर सेंटिस, २५०२ मीटर. आपल्या कळसूबाईच्या दीडपट म्हणायला हरकत नाही, पण आल्प्सच्या हिशेबात ते धाकटे भावंडच. झुरिकहून गोसाऊपर्यंत मोठी गाडी, आणि तिथून एक लहान लाल गाडी कुरणांतून वळणे घेत आपेनत्सेल गावावरून वासेराउएनला जाते. तिथे रूळ संपतात, कारण पुढे डोंगर आहे.

वासेराउएनच्या स्टेशनाबाहेर एक लोखंडी खांब आहे आणि त्यावर पिवळ्या पाट्यांची चळत. प्रत्येक पाटी बाणासारखी टोकदार, त्यावर ठिकाणाचे नाव आणि पुढे वेळ. अंतर नाही, वेळ! अम्मीने पहिला प्रश्न हाच विचारला, “किलोमीटर का नाही लिहिले?” भाचा म्हणाला, “नानी, डोंगरात किलोमीटरला अर्थ नसतो. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणारा माणूस धरतात, त्यात चढ-उताराचा हिशेब मिळवतात आणि वेळ काढतात. बसण्या-उठण्याचा वेळ त्यात नाही.” अम्मीने मान हलवली. आमच्या कोकणातही जुनी माणसे ‘दोन विड्यांची वाट’ असेच अंतर सांगत, हे तिला आठवले असावे.

पाट्यांच्या रंगांचा नियम साऱ्या देशात एकच. पाटी नुसती पिवळी असेल तर ती साधी वाट. रुंद, पायाखाली धोका नाही, साधी चपला-बुटे चालतात. पिवळ्या पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट. अरुंद, चढी, कुठे कुठे दरीच्या काठाने जाणारी. तिथे घट्ट तळव्यांचे बूट हवेत, डोके गरगरता कामा नये. पाटीच निळी असून टोकाला पांढरा-निळा-पांढरा पट्टा असेल तर खडक, हिमनदी, हाताने धरून चढणे हे सगळे आले, आणि ते जाणकारांनीच करायचे. खडकांवर, झाडांवर, कुंपणाच्या खुंटांवर याच रंगांच्या खुणा रंगवलेल्या असतात. अशा चालण्याच्या वाटा त्या देशात ६५,००० किलोमीटरहून अधिक आहेत. साधारण दोन-तृतीयांश साध्या, उरलेल्यांपैकी बहुतेक डोंगरवाटा, आणि निळ्या फारच थोड्या.

ही व्यवस्था वरून कुणी लादली नाही. योहान याकोब एस नावाचे एक शाळामास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउझेन घाटातून पायी चालले होते. मोटारींची धूळ आणि भोंगे यांनी ते हैराण झाले. चालणाऱ्याला वेगळी वाट आणि सगळीकडे सारखीच पाटी हवी, हा ध्यास त्यांनी घेतला आणि ओटो बिंडर यांच्यासोबत १९३४ साली पायवाटांची संघटना उभी केली. पुढे महायुद्धात शत्रूला रस्ता सापडू नये म्हणून पाट्या उतरवून ठेवाव्या लागल्या. युद्ध संपल्यावर पुन्हा लागल्या. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी तर लोकांनी मतदान करून पायवाटांना थेट राज्यघटनेत जागा दिली. तीन-चतुर्थांशांहून अधिक मते बाजूने पडली. त्यानंतरच्या १९८५ च्या कायद्यान्वये रस्ता वा इमारत बांधताना पायवाट मोडली तर तिच्या बदली दुसरी द्यावी लागते. आमच्या गावातली मळ्याकडे जाणारी पाणंद कुणाच्या कुंपणात गेली ते वाचकांना सांगत बसत नाही. प्रत्येकाच्या गावात अशी एक पाणंद आहेच.

पहिल्या दिवशी भाच्याने अम्मीसाठी सर्वांत सोपी वाट काढली. याकोब्सबाड ते गोन्टेनबाड, सुमारे पाच किलोमीटर, सपाट, आणि अनवाणी! होय, वाटच अनवाणी चालण्यासाठी आहे. दलदलीच्या कुरणातून, ओल्या गवतातून, ओढ्यातून, काळ्या चिखलातून जाते. मध्ये पाय धुवायला थंड पाण्याच्या जागा आहेत. आम्ही नवरा-बायको दोन पावलांत “आई गं” करू लागलो. शहरात राहून आमच्या तळव्यांची कातडी आता पापडासारखी झाली आहे. अम्मीने मात्र सलवार वर खोचली, चपला पिशवीत टाकल्या आणि चिखलात अशी उतरली की जणू सासरच्या वाफ्यात लावणीला निघाली आहे. तरुणपणी आमच्या घरच्या खाचरांत तिने आषाढभर चिखल तुडवला होता. घोट्यापर्यंत रुतलेला पाय बोटे आवळून कसा सोडवायचा, हे तिने भाच्याला शिकवले. त्याची दोनदा बैठक झाली. वाटेतली एक जर्मन बोलणारी म्हातारी थांबून हसली आणि “ग्रुएझी” म्हणाली. तिकडे वाटेवर भेटणारा प्रत्येकजण असेच म्हणतो. अम्मीने उत्तरादाखल सलाम केला. नंतरचे तीनही दिवस ती सर्वांना सलामच करत राहिली आणि सर्वांना तो नीट समजला.

संध्याकाळी आपेनत्सेल गावाच्या चौकात बसलो. रंगवलेल्या लाकडी घरांचे गाव. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी इथे सारा प्रांत चौकात जमतो आणि हात वर करून कायदे ठरवतो. पण या हातांत बायकांचे हात नव्हते. १९९० च्या एप्रिलमध्येही इथल्या पुरुषांनी बायकांना प्रांताच्या कारभारात मत द्यायला नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मोडून काढला, तेव्हा १९९१ पासून बायका चौकात उभ्या राहू लागल्या. हे ऐकून अम्मी जरा गप्प झाली. मग म्हणाली, “मी पहिलं मत एकाहत्तरला दिलं. तुझ्या अब्बांनी कुणाला ते विचारलंसुद्धा नाही.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “वाटा एवढ्या छान करतात आणि बायकांना विचारायला एवढा उशीर?” आम्हाला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी वासेराउएनहून केबल कारने एबेनआल्पला गेलो, सुमारे १६०० मीटरवर. वर मोकळे पठार, गाईंच्या घंटा, आणि दक्षिणेला सेंटिसचा उघडा खडक. तिथून खाली उतरणारी वाट विल्डकिर्खलीच्या गुहेतून जाते. १९०४ पासून एमिल बेख्लर यांनी इथे खोदकाम केले, तेव्हा गुहेतल्या अस्वलांची हाडे आणि निअँडरथल माणसाची दगडी हत्यारे सापडली. पुढे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत इथे एकामागून एक संन्यासी राहिले. गुहेच्या पलीकडे कड्याला चिकटलेले एशर नावाचे जुने लाकडी उपाहारगृह. त्याचे छायाचित्र जगभर फिरले आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. इतका, की ते चालवणाऱ्या कुटुंबाने २०१८ साली हात टेकून ते सोडले. येणाऱ्यांत पातळ तळव्यांचे बूट घालून, हातातल्या मोबाईलकडे बघत चालणारेही असतात. २०२२ च्या उन्हाळ्यात या परिसरात एकामागून एक माणसे कोसळून दगावली. पाटी तीच होती, पट्टा तोच होता. वाचणारे कमी पडले.

या वाटेच्या पाटीला टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा होता. आम्ही म्हणालो, “अम्मी, तू वर हॉटेलात बस, आम्ही गुहा बघून येतो.” वाक्य तोंडातून निघाले तसे आमच्या बेगमसाहेबांनी आमच्याकडे पाहिले. अम्मीने आमच्याकडे पाहिलेच नाही. ती पाटीपाशी गेली आणि भाच्याला म्हणाली, “वाचून दाखव.” गुहेपर्यंत पंधरा मिनिटे. “आणि पट्ट्याचा अर्थ?” त्याने काहीही न लपवता सांगितला. चढ आहे, पायऱ्या आहेत, ओल असली तर निसरडे आहे, कठडा सगळीकडे नाही. अम्मीने दोन्ही काठ्या घेतल्या, बुटांच्या नाड्या आमच्याकडून पुन्हा आवळून घेतल्या आणि निघाली. एकेक पायरी, आधी काठी, मग दुखरा पाय, मग बरा. गुहेत शिरल्यावर थंड हवेत तिने भिंतीला हात लावला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

एशरपाशी तिने गरम दूध घेतले. तिथून खाली झेआल्पझे तलावाकडे जी वाट जाते ती फारच खडी. भाच्याला उत्साह चढला होता. “नानी, इथपर्यंत आलीस, आता खालीपण जाऊ. मी धरतो.” अम्मी उठून काठाशी गेली, वाकून त्या वाटेकडे नीट पाहिले. मग म्हणाली, “नाही. मी आले तशी मागे जाणार. तुला जायचं तर जा.” तिच्या आवाजात रुसवा नव्हता, खंत नव्हती. बाजारात भाव ऐकून पिशवी उचलावी तसे ते होते. भाचा मात्र गेला नाही. परतीचा चढ आम्ही चौघांनी मिळून केला. तिच्या मागे एक रांग साचली होती, आणि रांगेतले कुणी पुढे घुसले नाही.

तलाव तिने तिसऱ्या दिवशी पाहिला, खालून. वासेराउएनहून एक डांबरी रस्ता तलावापर्यंत चढतो. पावणेतीनशे मीटरची चढण, पण रुंद आणि पायाखाली पक्की. वाटेत वासरांसह गाई बसल्या होत्या. अशा गाईंपासून लांबून जायचे, कुंपणाचे फाटक उघडले तर मागे लावायचे, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक असते. भाच्याने आमच्या मोबाईलमध्ये १४१४ हा क्रमांक नोंदवून ठेवला होता, डोंगरातल्या अपघाताला हेलिकॉप्टर बोलावण्याचा. त्याची गरज पडली नाही. तलावाकाठी अम्मीने गवतावर शाल पसरून जोहर अदा केली आणि मग पाण्यात सेंटिसची उलटी सावली पाहत बसली. अब्बांना पाणी फार आवडायचे, एवढेच म्हणाली. उतरताना तिने गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून रस्ता आडवा-आडवा कापला, बैलगाडी घाट उतरते तसा.

परतल्यावर तिच्या औषधांच्या वहीत मागच्या पानांवर आम्हाला नोंदी सापडल्या, तिच्याच हातच्या उर्दू अक्षरांत. गुहेपर्यंत: पाटी पंधरा मिनिटे, मी चाळीस. तलाव: पाटी एक तास, मी दोन तास, त्यातली दहा मिनिटे गाईंमुळे. त्याखाली एक ओळ आखून तिने लिहिले होते: घर ते मोहल्ल्याच्या नाक्यावरची बेकरी, आणि पुढे वेळेची जागा रिकामी ठेवली होती.