सॉस बाजूला

गेल्या शुक्रवारी आमचा रिलीज होता. रिलीज म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लग्नघर डोळ्यांसमोर आणावं. तीच धावपळ, तीच चिडचिड, आणि ऐनवेळी न सापडणारी तीच एखादी महत्त्वाची वस्तू. फक्त पंगत कागदी खोक्यांची असते. २००८ साली न्यू जर्सीत आल्यापासून रिलीजच्या रात्री आम्ही चायनीजच मागवत आलोय. माझी ऑर्डर ठरलेली. जनरल सोज चिकन, फ्राईड राईस, एग रोल. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकूंनी (मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणतो) माझा आवाज ओळखला की पुढचं काही विचारावंच लागायचं नाही.

या वेळी मी म्हणालो, "चिकन विथ ब्रोकोली, स्टीम्ड. सॉस बाजूला. आणि साधा भात."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काकूंनी एकच शब्द विचारला, "डॉक्टर?"

"हो."

"ओके. दहा मिनिटं."

झालं होतं असं की मार्चमधल्या तपासणीत माझं बीपी १५६/९८ निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणाले. एवढं कोणीही ऐकतं आणि विसरतं. मी विसरू शकलो नाही त्याला कारण आहे.

बाबांनाही बीपी होतं. साताऱ्याला, शाळेत मास्तर. 'आता बरं वाटतंय' म्हणून त्यांनी गोळी परस्पर बंद केली, आणि २०११ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, उजवी बाजू गेली. मला फोन आला तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजले होते आणि रिलीज चालू होता. हो, समोर तेच खोकं होतं. पोचायला दोन दिवस लागले. ज्यांचं अक्षर फळ्यावरून पुसायला पोरं नाखूष असायची, ते बाबा माझ्याकडे बघून डाव्या हाताने हवेत काहीतरी लिहायचा प्रयत्न करत होते. मी आज सेहेचाळीस आहे. हिशेब मला येतो.

असो. तर एका शनिवारी आपल्या धंद्यातला माणूस जे करतो तेच मी केलं. आकडे काढून बसलो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण २,००० मिलिग्रॅम सोडियम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन चमच्यांत दिवस संपला! अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट' या संस्थेने २००७ साली चायनीज हॉटेलांतलं जेवण तपासलं होतं. त्यात जनरल सोज चिकनची एक प्लेट १,३०० कॅलरी आणि ३,२०० मिलिग्रॅम सोडियमची निघाली. भात वेगळा. दीड दिवसाहून जास्त मीठ मी एका बैठकीत, कीबोर्डवर वाकून, चव न बघता संपवत होतो.

गंमत म्हणजे हा पदार्थ ज्याने पहिल्यांदा केला त्या पेंग चांग-क्वेई या हुनान प्रांतातल्या आचाऱ्याच्या मूळ कृतीत साखरच नव्हती. १९५० च्या दशकात तैवानमध्ये केला तेव्हा तो तिखट, आंबट आणि खारट होता. गोडमिट्ट झाला तो अमेरिकेत आल्यावर. आपलंही थोडंफार तसंच झालंय म्हणा!

आणखी एक गैरसमज गेला. इतकी वर्षं मी सगळं खापर अजिनोमोटोवर फोडत होतो. पण त्यात सोडियम १२ टक्के, तर साध्या मिठात ३९ टक्के. चोर वेगळाच होता, आणि तो सॉसमध्ये बसला होता.

बायको म्हणाली, "मग सरळ भाज्या मागव ना." मलाही तेच वाटलं होतं. पण त्याच तपासणीत गार्लिक सॉसमधली वांगी १,००० कॅलरींची निघाली. भरल्या वांग्याला तेल किती लागतं हे जिला माहीत आहे तिला हे पटायला वेळ लागला नाही.

चार-पाच महिने चुकत-माकत जे हाती लागलं ते असं. नावात क्रिस्पी, ऑरेंज, सेसमी किंवा स्वीट अँड सावर दिसलं की समजायचं, पीठ लावून तळलंय आणि वर पाक ओतलाय. मेन्यूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डाएट' म्हणून एक चौकट बऱ्याच ठिकाणी असते, ती आपण कधी वाचत नाही. वाफवलेलं सगळं तिथे असतं. फ्राईड राईसमध्ये मीठ असतं, साध्या पांढऱ्या भातात जवळजवळ नसतंच. ब्राऊन राईस घेतला म्हणून सॉसचं मीठ कमी होत नाही (हे स्वतःला सांगावं लागतं). सूप हलकं म्हणून घ्यायला जावं तर तेही खारट. आणि खोकं कधीही एका माणसाचं नसतं. खायला बसण्याआधीच अर्धं फ्रिजमध्ये टाकायचं. नंतर टाकू म्हटलं की उरत नाही.

पण सगळ्यात उपयोगी ते दोनच शब्द. सॉस बाजूला. सगळा सॉस ओतायचा नाही, दोन चमचे घ्यायचे. पहिले दोन आठवडे सगळं आजाऱ्याच्या जेवणासारखं लागलं, खोटं कशाला बोलू. मग सोबत आलं-लसूण आणि हिरवी मिरची घ्यायला लागलो. आता चालतं.

गोळी अर्थात चालू आहे. ती बंद करण्याचा प्रयोग आमच्या घरात एकदा होऊन गेलाय.

शुक्रवारी ऑर्डर आणायला गेलो तेव्हा काउंटरमागे काकू स्वतः जेवत होत्या. वाडग्यात भात, वर वाफवलेला पाला आणि माशाचा एक तुकडा. मी बघतोय हे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही हेच खातो. ते," भिंतीवरच्या चकचकीत फोटोंकडे बोट दाखवून, "तुमच्यासाठी."

शनिवारी सकाळी साताऱ्याला फोन केला. तिकडे संध्याकाळ. आमच्याकडे पान वाढायला घेतलं की आधी कडेला मीठ पडायचं, आणि बाबा ते सगळं भातावर घ्यायचे. आई दरवेळी ओरडायची. ओरडता यायचं, कारण ते दिसायचं. माझं मात्र इतकी वर्षं कोणाला दिसलंच नाही, मलासुद्धा.

बाबा आता सावकाश बोलतात, एकेक शब्द जुळवून. "काल... काय जेवलास?"

"चायनीज."

जरा वेळ गेला. "मीठ?"

"बाजूला, बाबा."

"शहाणा," ते म्हणाले. मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हणावं बीपी किती आहे ते सांग आधी!"

१३४/८४. सांगितलं.