बातमीचं पान, मताचं पान

पूर्वी वर्तमानपत्र हातात घेतलं की कुठल्या पानावर काय असतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं. पहिल्या पानावर घडलेलं. मधल्या पानावर अग्रलेख, म्हणजे संपादकाला त्याबद्दल काय वाटतं ते. जवळच वाचकांची पत्रं, प्रत्येक पत्राखाली नाव आणि गाव. आणि बारीक टायपात ती ठरलेली ओळ, की प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. नांदेडचा ‘प्रजावाणी’ घ्या की औरंगाबादहून येणारा ‘मराठवाडा’, मांडणी हीच. ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव अग्रलेखात कुणाची भीडभाड ठेवत नसत. पण हे भालेरावांचं म्हणणं आहे, हे वाचणाऱ्याला पक्कं माहीत असे. त्यावरून नांदेडात वजिराबादच्या हॉटेलात चहावर चहा होत, तावातावानं भांडणं होत. भांडण मतावर असे. बातमी मात्र दोन्ही बाजूंनी तीच वाचलेली असे.

नांदेडला या बाबतीत वळण लावणारा आणखी एक माणूस लाभला होता, पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर. १९८२ साली, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच ते गेले. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. ते आज पुन्हा वाचावं. शिवाजी महाराजांविषयी कुरुंदकरांच्या मनात अपार आदर होता. तरीही पुरावा आपल्याला कुठपर्यंत नेतो आणि तिथून पुढे आपला तर्क कुठे सुरू होतो, याचं भान ते सुटू देत नाहीत. आता मोबाइलवर रोज महाराजांच्या नावानं जे येतं, त्यात बखरीतली हकिगत, मालिकेतला संवाद आणि कुणाच्या तरी मनातला राग हे सगळं ‘खरा इतिहास’ म्हणून एकाच ओळीत बसलेलं असतं.

पुरावा आणि तर्क यांतला हा फरक लातूरकडच्या माणसाला किल्लारीच्या भूकंपानं शिकवला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली १० हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर कित्येक दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. अफवा तेव्हाही उठतच होत्या. पण अफवा पायी किंवा एसटीनं यायची, आणि आणणारा माणूस समोर उभा असायचा. पारावरचा एखादा म्हातारा त्याला विचारायचा, “तू बघितलास का?” “न्हाई तात्या, औशाला साडू हाय, त्यानं सांगितलं.” “मग साडूला येऊ दे, त्यालाच इचारू.” एवढ्यावर निम्म्या अफवा तिथंच विरायच्या. उरलेल्यांसाठी लोक आकाशवाणीच्या बातम्यांची वाट बघायचे. वाट बघायची सवय होती, हेच आज मला सर्वात मोलाचं वाटतं.

आता २०२२ चा सप्टेंबर घ्या. किल्लारीपासून फार लांब नसलेल्या हासेगावात जमिनीतून आवाज येऊ लागले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूर शहरात, विवेकानंद चौकाच्या परिसरात, तसाच आवाज झाला. आवाज लोकांनी कानांनी ऐकला होता, तो खोटा नव्हता. लातूरच्या आवाजाच्या वेळी मापन केंद्रांवर भूकंपाची नोंद झाली नाही, हेही खरं होतं. पण अशा वेळी ग्रुपवर जो मजकूर फिरतो तो साधारण असा असतो: “जमिनीतून आवाज आला, आज रात्री मोठा भूकंप होणार, प्रशासन लपवतंय, सर्वांना पाठवा.” हे वाक्य जरा सुटं करून बघा. आवाज आला, ही वस्तुस्थिती. रात्री भूकंप होणार, हा अंदाज. तोही निराधार, कारण भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कुठेच नाही. प्रशासन लपवतंय, हा आरोप. आणि सर्वांना पाठवा, हा हुकूम. पहिला तुकडा खरा असतो, म्हणून बाकीचे तीन त्याच्या आडोशानं घरात शिरतात. ज्या आजीनं ९३ साली आपलं माणूस ढिगाऱ्याखालून काढलेलं पाहिलं, तिच्यापर्यंत हा मजकूर रात्री ११ वाजता पोहोचतो, तेव्हा तिच्या जिवाचं काय होत असेल याचा विचार पाठवणारा करत नाही. त्याचा मला राग येतो.

आणि हे नुसत्या झोपमोडीवर थांबत नाही. २०१८ च्या जून महिन्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मराठवाड्यातही फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षेसाठी फिरणारी माणसं ती. कुणाच्या तरी मनातला संशय शेकडो लोकांनी बातमी म्हणून वाचला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. पण यंत्रानं घातलेली मर्यादा पारावरच्या त्या म्हाताऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

जुने दिवस परत आणा, असं माझं म्हणणं नाही. मार्च २०२४ मध्ये पहाटे नांदेड-हिंगोली हादरली, तेव्हा परगावच्या लेकरांना आई-वडील सुखरूप असल्याचं दोन मिनिटांत कळलं ते याच फोनमुळे. मत द्यायलाही कुणाची ना नाही. मराठवाडा पहिल्यापासून भांडून बोलणारा मुलूख आहे. फक्त मत देताना ‘मला वाटतं’ म्हणा, खाली नाव-गाव असल्यासारखं लिहा. आणि मोठा भाऊ असो, मामा असो की शाळेतला मित्र, त्यानं तारीख-वेळ देऊन काही भयंकर पाठवलं, तर मान राखून एवढंच विचारा: “तुम्ही स्वतः बघितलं का?” उत्तर येईपर्यंत ते पुढे पाठवू नका.