कोरा खण

मुंबईच्या युनियन बँकेत टंकलेखनाचं काम करणाऱ्या चंद्रकांत भिडे यांना १९६०च्या दशकात साहेबांनी इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायला दिली, आणि त्यांनी ती टेलिफोनच्या आकारात टाइप करून दिली. पुढे त्याच यंत्रावर त्यांनी गणपती काढले, माणसांचे चेहरे काढले. सचिन तेंडुलकरच्या कुरळ्या केसांसाठी त्यांनी ईमेलच्या पत्त्यात येतं ते वेढ्याचं चिन्ह वापरलं. निवृत्तीच्या वेळी बँकेनं ते यंत्र त्यांना एका रुपयात देऊन टाकलं. स्टीमसारख्या गेमिंगच्या ठिकाणी आपल्या प्रोफाइलवर इमोटिकॉन ओळीनं मांडून चित्र काढणारे आम्ही लोक कुठल्या घराण्यातले, असं कुणी विचारलं तर मी अमेरिकेकडे बोट दाखवणार नाही. स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ला कोलन (विसर्गासारखे दोन ठिपके), आडवी रेघ आणि कंस जुळवून हसरा चेहरा सुचवला हे खरं. पण ती खूण होती, चित्र नव्हतं. चित्राचं घराणं टाइपरायटरचं आहे, आणि मराठीत त्याचं नाव भिडे.

हे नातं दिसण्यापुरतं नाही, यंत्रामुळे जुळलेलं आहे. छापील पुस्तकात प्रत्येक अक्षर आपल्या अंगाप्रमाणे जागा घेतं; टाइपरायटरवर मात्र टिंबालाही तेवढीच जागा आणि सर्वात रुंद अक्षरालाही तेवढीच. त्यामुळे कागदावर आपोआप सारख्या खणांची जाळी तयार होते, आणि जाळी मिळाली की चित्र काढता येतं. इमोटिकॉनचंही तसंच आहे. स्टीमवर दोन कोलनच्या मध्ये इमोटिकॉनचं नाव लिहिलं की तिथे ठरलेल्या मापाचं चौकोनी चित्र उमटतं. नाव तीन अक्षरांचं असो की तेरा, उमटणारा चौकोन तेवढाच. फरक आहे तो छटेचा. टाइपरायटरवर एका अक्षरावर दुसरं मारता येतं, कळ जोरात दाबून काळोख गडद करता येतो, रूळ अर्ध्या ओळीनं फिरवून मधल्या जागेतही ठसा उमटवता येतो. पडद्यावर यातलं काहीच नाही. एका खणात एकच चिन्ह, त्यावर दुसरं चढत नाही, आणि बोट कितीही जोरात आपटलं तरी चिन्ह तेवढंच उजळ. म्हणजे भिड्यांच्या हातातली निम्मी साधनं आमच्याकडून काढून घेतलेली आहेत. छटा आणायची तर एकच उपाय उरतो: कुठे काही ठेवायचं नाही, हे ठरवणं. माझं म्हणणं एवढंच आहे, की या कलेत कौशल्य मोजायचं ते भरलेल्या खणांवरून नव्हे, कोऱ्या खणांवरून.

नवख्याला हे पटत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष चिन्हं गोळा करण्यात असतं. ते साहजिकही आहे. २०१३ साली स्टीमनं ट्रेडिंग कार्डांची पद्धत आणली. गेम खेळताना कार्डं मिळतात, संच पूर्ण झाला की बॅज तयार होतो आणि बॅजबरोबर इमोटिकॉन व प्रोफाइलची पार्श्वभूमी हाती येते. बॅजमागे शंभर गुण मिळतात, गुणांनी पातळी वाढते आणि दहाव्या पातळीला प्रोफाइलवर काही मांडायला पहिली मोकळी चौकट उघडते. इतक्या खटाटोपानं मिळालेली जागा कोरी ठेवा असं सांगणारा माणूस वेडाच वाटणार. पण भरून टाकलेली चौकट लांबून पाहा: रंगीत दाण्यांचा ढीग दिसतो, वस्तू दिसत नाही. डोळ्याला आकार कळतो तो कडेवर, आणि कड म्हणजे भरलेलं संपून कोरं सुरू होतं ती जागा. गंमत अशी, की इथे कोरी जागा फुकट मिळतच नाही. सलग दहा स्पेस दिल्या तरी वेबपानावर त्यांची एकच होते आणि चित्र डावीकडे कोसळतं. म्हणून कोरेपणासाठीही चिन्ह लावावं लागतं: पार्श्वभूमीत मिसळून जाणारं एखादं काळपट इमोटिकॉन, नाहीतर ब्रेल लिपीतला एकही ठिपका नसलेला खण.

ब्रेलचा हा खण नीट समजून घेण्यासारखा आहे. मूळ ब्रेल सहा ठिपक्यांची, पण युनिकोडनं १९९९ साली तिचे आठ ठिपक्यांचे सगळे प्रकार घेतले, दोन उभ्या रांगा आणि चार आडव्या. म्हणजे एकूण २५६ आकृत्या. चित्रकाराच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की एका अक्षराच्या जागेत आठ छोटे खण मिळाले. तीस अक्षरांच्या पंधरा ओळी लिहिल्या तर साठ बाय साठ, म्हणजे ३६०० ठिपक्यांची जाळी. तुलनेसाठी सांगायचं तर शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली जपानच्या मोबाइल कंपनीसाठी १७६ इमोजी काढले, ते प्रत्येकी बारा बाय बारा, म्हणजे १४४ ठिपक्यांत. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. ३६०० ठिपके मिळाल्यावर माणूस मोहात पडतो आणि फोटोच यंत्राला देऊन टाकतो. यंत्र ठिपके पाडून देतं, पण त्याला गालाची करडी छटा आणि मागची भिंत यांतला फरक कळत नाही. सगळीकडे सारखी खडी पसरते. शिवाय प्रोफाइलचं पान गडद असतं आणि ठिपके पांढरे, त्यामुळे छटा न उलटवता टाकलेला चेहरा फोटोच्या जुन्या निगेटिव्हसारखा भुताटकीचा दिसतो. खरं काम इथून पुढे सुरू होतं: ठिपके काढून टाकण्याचं.

अमरावतीजवळच्या वलगावात बसून सजावटीची भलामण करताना जरा दबकायला होतं. याच गावाजवळ, पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांनी देह ठेवला. ते गावात आले की आधी झाडू घेऊन रस्ते झाडायचे, कीर्तन त्यानंतर, रात्री. मी म्हणतो त्याला त्यांचा आधार आहे असा दावा करणार नाही. इतक्या मोठ्या माणसाला गेमच्या प्रोफाइलसाठी साक्षीला बोलावणं बरं नव्हे. फक्त क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आता आमच्याकडची खरी स्थिती. वलगाव असो, दर्यापूर असो की अकोट, स्टीम चालवता येईल असा संगणक असलेली घरं थोडी. पोट्टे खेळतात ते मोबाइलवर. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि साध्या फोनवरही चालणारा फ्री फायर घरोघरी पोचला. तिथे इमोटिकॉनची चौकट नाही. नावाची पट्टी आहे, साधारण बारा अक्षरांची, आणि खाली ओळखीची ओळ. एवढ्यात काय सजवणार? पण सजवतात. नावाच्या दोन्ही टोकांना जे नक्षीचे पंख लावतात, ते जावानीज लिपीतले आहेत. तिकडे ते मथळ्याच्या दोन्ही बाजूंना लावायचे अलंकार. मधोमध जो फुलीसारखा आकार दिसतो तो तिबेटी लिपीतला. ओळखीच्या ओळीत चौकटी कंसात रंगाचा सहा अक्षरांचा क्रमांक टाकून अक्षरं लाल-हिरवी करतात. जावा बेटावरची नक्षी आणि ल्हासाचं विरामचिन्ह चांदूर बाजारच्या पोराच्या नावात एकत्र येतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तरी कारागीर म्हणून माझी तक्रार आहेच. बारांतली पाच-सहा अक्षरं नक्षीनं खाल्ली की नावाला उरतं काय? आणि खेळताना ते नाव दिसतं ते पडद्याच्या कोपऱ्यात, क्षणभर, मुंगीएवढं. तिथे पंखांची नक्षी म्हणजे नुसता डाग. याच पोरांतले काही चतुर मात्र उलट टोकाला गेले. गेम कोरं नाव घेत नाही, पण कोरियन हंगुल लिपीत जागा भरण्यापुरतं एक न दिसणारं अक्षर आहे. यंत्राच्या लेखी ते अक्षरच. ते टाकून पोरांनी अदृश्य नावं घेतली. नक्षीच्या त्या सगळ्या बाजारात लगेच ओळखू यायचं ते हेच, ज्याचं नाव दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं उचलेगिरीचं आहे. कुणीतरी बनवलेलं चित्र उचललं, आपल्या पानावर डकवलं, झालं. बहुतेकांच्या बाबतीत हे खरंच आहे आणि त्यांचा कैवार मी घेत नाही. पण उचललेलं चित्र दुसऱ्या रुंदीच्या चौकटीत नेलं की ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. संगणकावर सरळ दिसणारं चित्र फोनवर तिरपं होतं. तेव्हा कोणता स्तंभ कमी केला तर नाक जाणार नाही, हे ज्याला ठरवता येतं तो करणारा, बाकीचे डकवणारे. भेद स्पष्ट आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: ही चिन्हं कंपनीची, जागा कंपनीची, आणि तुमच्या हौसेवर धंदा तिचा. नाकारण्यात अर्थ नाही. खेळण्यासाठी नव्हे तर निव्वळ कार्डं पाडण्यासाठी बनवलेले गेम इतके बोकाळले, की २०१७ साली स्टीमच्या मालक कंपनीलाच, व्हॉल्व्हला, कार्डांचे नियम कडक करावे लागले. रंगीत चौकोनांची इमोटिकॉन विकण्यासाठी गेमचा नुसता सांगाडा उभा करणारेही झाले. पण हा आक्षेप माझ्याच बाजूनं वळतो. कोरेपणावर चालणाऱ्या चित्राला दोन-तीन चिन्हं पुरतात. रंगांची पेटी विकत घ्यावी लागते ती प्रत्येक खण भरणाऱ्याला. आणि गेम म्हटलं की हल्ली घरातल्यांच्या डोळ्यासमोर रमीत बुडालेले पैसे येतात, त्याबद्दल एवढंच: पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ २०२५च्या कायद्यानं बंद केले, त्यात ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत. प्रोफाइल सजवणं त्या जुगाराच्या आसपासही येत नाही.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर सरकारनं बंदी घातली, १४ फेब्रुवारी २०२२ला फ्री फायरवर. त्या दिवसांत अनेक सजवलेली नावं मालकांसकट अडकून पडली. मग कशाला मेहनत? पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, झूल घालतात, आणि पुढे तोच बैल चिखलात जुंपतात. रंग उडाला म्हणून पुढच्या वर्षी कुणी थांबत नाही. सजावटीला टिकाऊपणाची अट आपण इतर कुठेच घालत नाही, मग पडद्यावरच का?

चौथ्या आक्षेपापुढे मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दृष्टिहीन वापरकर्त्याचं यंत्र पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. ब्रेल ठिपक्यांचं चित्र समोर आलं की ते एकेका खणातले ठिपके बोलू लागतं, आणि साडेचारशे खणांचं चित्र असेल तर ऐकणाऱ्याचा जीव नकोसा होतो. इमोटिकॉनचीही नुसती नावांची रांग ऐकू येते. लुई ब्रेलनं ज्यांच्यासाठी लिपी घडवली त्यांनाच तिनं छळावं, ही लाजेची गोष्ट आहे, कौशल्याची नव्हे. म्हणून असं चित्र दुसऱ्याच्या पानावर टाकू नये, आपल्याच प्रोफाइलवर ठेवावं, आणि त्याच्या आधी साध्या अक्षरांत एक ओळ द्यावी: खाली बैलाचं चित्र आहे. ऐकणारा पुढे सरकू शकतो. त्याचा त्रास यानं कमी होतो, संपत नाही.

राहिली देवनागरी. नावाच्या पट्टीत मराठी लिहायला गेलं की गणित बिघडतं. ‘विठ्ठल’ हा डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द यंत्राच्या हिशेबात सहा चिन्हांचा आहे, कारण वेलांटी वेगळी आणि हलन्ताची खूण वेगळी. जिथे बाइट मोजतात तिथे तर अठरा. ‘श्री’ची चार चिन्हं, बारा बाइट. म्हणून पोरं नाव रोमन लिपीत लिहितात, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. पण चौकट मोठी असेल तर अक्षर टाइप न करता काढता येतं, खणाखणानं. रोमन अक्षर पाच ओळींत बसतं. मराठीला एक ओळ शिरोरेघेची, पाच अंगाच्या, वर मात्रा-वेलांटीला दोन आणि खाली उकाराला दोन, अशा दहा लागतात. गावांची नावं काढून पाहिली की हे लगेच कळतं. दर्यापूरला वर रफार आणि खाली ऊकार, त्यामुळे दहाही ओळी हव्यात. अमरावतीला वरच्या दोन लागतात त्या वेलांटीपायी, अकोल्याला मात्रेपायी. वलगावला वर काही नाही, खाली काही नाही. सहा ओळींत काम होतं. रुंदी बावीस स्तंभ, एकूण १३२ खण, त्यांतले साधारण निम्मे कोरे. ब्रेलच्या ठिपक्यांनी काढलं तर अकरा अक्षरांच्या दोन ओळींत मावतं. अडचण फक्त मध्ये येते. ग मुळातच दोन दांड्यांचा, त्याला काना लागला की तीन दांड्या शेजारी उभ्या राहतात, आणि जागा वाचवायला कुणी मधले स्तंभ भरले की ‘गा’च्या जागी खिडकीचे गज दिसतात. शिरोरेघ तिन्हींवरून सलग न्यायची, आणि तिच्याखाली प्रत्येक दांडीनंतरचा स्तंभ तळापर्यंत कोरा सोडायचा.