शनिवारी सायकली, रविवारी पेटी

एकच गाडी आणि तिच्या डिकीवर हक्क सांगणारे दोन पक्ष, अशी सध्या आमच्या घरची परिस्थिती आहे. शनिवारी डिकीत दोन सायकली जातात. एक माझी, एक लेकीची. रविवारी सकाळी त्याच जागेत बायकोची पेटी जाते. ती इथल्या आठ-दहा मुलांना गाणं शिकवते, आणि ही पेटी तिच्या बाबांची आहे. दोन्हींच्या मधे असते फक्त शनिवारची संध्याकाळ.

पेटी आणि धूळ यांचं जन्माचं वैर. आतल्या पितळी पट्ट्या अरुंद फटीत थरथरतात तेव्हा सूर निघतो. त्या फटीत एखादा कण अडकला तर सूर मुका होतो, नाहीतर बेडकासारखा डरावतो. शिवाय भाता हवा ओढतो तो आजूबाजूच्या धुळीसकट. त्यामुळे "गाडी जराशी मळली तर काय बिघडतं?" ह्या प्रश्नाला आमच्याकडे नेमकं उत्तर आहे. मधला गंधार बिघडतो.

आता दुसरा पक्ष. लेक तेरा वर्षांची आहे. ह्या वयाची मुलं ज्यांच्या घरी आहेत त्यांना सांगायला नको. "शाळेत काय झालं?" "काही नाही." "जेवायला काय करू?" "काहीही." संपलं संभाषण. पण हीच मुलगी गाडीत शेजारी बसली की वीस मिनिटांनी आपोआप बोलायला लागते. दोघांची तोंडं रस्त्याकडे, डोळ्याला डोळा द्यायची सक्ती नाही, आणि उठून आपल्या खोलीत जायची सोय नाही! मैत्रिणीशी अबोला का आहे, गणिताच्या बाईंचं काय खटकतं, हे सगळं मला हायवेवरच कळलेलं आहे. अठराव्या वर्षी ती युनिव्हर्सिटीत जाणार. म्हणजे पाच वर्षं, 260 शनिवार. त्यातून पाऊस, परीक्षा, वाढदिवस, माझी ऑफिसची रिलीज वगैरे वजा करा. शंभर-सव्वाशे उरले तर नशीब.

म्हणून 2023 मध्ये सायकली घेतल्या तेव्हा बायकोने घातलेली अट मी मुकाट्याने मान्य केली. "अरे, रविवारी सकाळी मी पैठणी नेसून डिकीच्या कडेवर बसले, तर पैठणीला डाग लागता कामा नये. जमत असेल तर खुशाल जा." झालं, आमच्या घरात 'पैठणी टेस्ट' जन्माला आली. पास किंवा फेल. मधलं काही नाही.

गाडीबद्दल थोडं सांगतो. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या रेडिंगला, आणि गाडी आहे स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट, तिसऱ्या पिढीतली, सेकंड हॅंड. इस्टेट म्हणजे अमेरिकन लोक जिला स्टेशन वॅगन म्हणतात ती. सेडानची डिकी छतापर्यंत वर ओढून लांबवली की झाली इस्टेट. आपल्याकडे इंडिगो मरिना आणि बलेनो अल्टुरा येऊन गेल्या, पण ही जात भारतात काही रुजली नाही. इथे मात्र कुत्रेवाले, बागवाले, सायकलवाले सगळे हिच्यावर जीव टाकतात. मागच्या सीट्स उभ्या असताना डिकी 610 लिटर, आडव्या केल्या की 1740 लिटर. पुढचं चाक काढलेली सायकल साधारण दीड मीटर लांबीची होते आणि आरामात आडवी झोपते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, बाहेर रॅक लावा की. रॅक चांगलाच असतो, पण मागे लावला की नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात. मग वेगळा लाइट बोर्ड आणि जादा प्लेट आली, कारण प्लेट नीट दिसली नाही तर इथे 1000 पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. टपावर लावल्या तर पेट्रोल जास्त जातं, आणि पार्किंगच्या तोंडाशी उंचीची आडवी दांडी असते तिची आठवण वेळेवर यावी लागते. शिवाय चहाला थांबलं की अर्धं लक्ष सायकलींवर. आत ठेवल्या की कोणाला दिसत नाहीत, भिजत नाहीत, कुलूप आपोआप लागतं. फक्त एकच गोष्ट आत येते, जी बाहेर राहिली असती. चिखल.

चिखल चिखल म्हणून सगळा सारखा नसतो हे मला इथे आल्यावर कळलं. रेडिंगपासून साधारण 16 किलोमीटरवर गोरिंग आणि स्ट्रीटली ही थेम्सच्या दोन काठांवरची जुळी गावं आहेत. तिथून रिजवे नावाची पुराणी वाट जाते, एव्हबरीजवळून आयव्हिंगहो बीकनपर्यंत, एकूण 139 किलोमीटर. स्ट्रीटलीपासून पश्चिमेकडचा भाग सायकलला खुला आहे. ही सगळी चॉकची जमीन, म्हणजे डोव्हरचे पांढरे कडे ज्या दगडाचे आहेत तोच दगड. ओला असला की गिलाव्यासारखा लागतो आणि चाक आणि फ्रेमच्या मधे गच्च बसतो. वाळला की पांढरी भुकटी, रांगोळीपेक्षा बारीक. ही भुकटी पेटीची शत्रू नंबर एक. दुसऱ्या दिशेला ब्रॅकनेलजवळ स्विन्ली फॉरेस्ट आहे. पाइनची झाडं, खाली वाळू. वाळू चिकटत नाही, पटकन झडते, पण सीटच्या रुळांमधे जाऊन बसते आणि सीट मागेपुढे करताना करकर दात खाते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा मान मात्र दोघींनाही नाही. ती चपलेला लागली की चपलेसकट माणूस उंच होतो!

तर ह्या चिखलाशी लढायची युक्ती मला कुठे सापडली? आजीच्या सोवळ्यात.

आजीचं सोवळं मी लहानपणी पाहिलंय. तिचं लुगडं काठीने वर दांडीवर वाळत पडायचं, कोणाचा हात लागू नये म्हणून. तेव्हा ते सगळं विचित्र वाटायचं. आणि सोवळ्याच्या नावाखाली माणसांनी माणसांना जे लांब ठेवलं त्याचं समर्थन करण्याचा माझा अजिबात विचार नाही. माणसात ओवळं शोधणं वाईटच. पण ते बाजूला काढून नुसती पद्धत पाहिली तर लक्षात येतं, की आजी दिवसभर घासत-पुसत बसायची नाही. तिचा सगळा भर क्रमावर होता. आधी काय, मग काय, कुठल्या हाताने कशाला शिवायचं. एकदा रेघ ठरली की रेघेच्या आत मळ येतच नाही, मग धुवायचं काय? आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच काम करतो आणि त्याला 'सॅंडबॉक्स' असं नाव देतो. बिनभरवशाचा कोड आतल्या आत काय धुडगूस घालायचा तो घालू दे, बाकीच्या सिस्टिमला हात लावायचा नाही.

आमच्या गाडीतली रेघ म्हणजे पुढच्या सीट्सची पाठ. रेघेच्या मागे ओवळं, पुढे सोवळं. मागच्या भागात सर्वात खाली ताडपत्री, कडा वर दुमडून, म्हणजे तिचं उथळ ताट होतं. ताडपत्री पाणी अडवते पण शोषत नाही, ते इकडून तिकडे वाहत राहतं. म्हणून तिच्यावर सोलापुरी चादर. जाड, सुती, कितीही धुवा, काही होत नाही. (गोधडी मागितली होती. मिळाली नाही.) डिकीच्या कडेवरून एक रबरी चटई बाहेर बंपरवर सोडायची, कारण ओरखडे सायकल चढवताना तिथेच पडतात.

मग सायकली. गाडीकडे आलं की आधी बाहेर उभं राहून चिखलाची चौकशी. कोरडा असेल तर रंगाच्या जुन्या ब्रशने झाडायचा, पाणी लावायचंच नाही. ओला असेल तर बागेत झाडांवर फवारा मारायचा हातपंप असतो, तो घरून पाच लिटर भरून आणायचा. दोन सायकलींना पाच लिटर पुरतात, वरून खाली गेलं तर. जोराच्या प्रेशर वॉशरच्या मी नादी लागत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस त्याने निघून जातं.

पुढचं चाक काढायचं. चाक निघालं की ब्रेकच्या दोन पॅडमधे पुठ्ठ्याची घडी सरकवायची. डिस्क नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक बसत नाही. चाक पिशवीत घालायची घाई नको, उतारानंतर डिस्क चांगलीच तापलेली असते, प्लॅस्टिक वितळवते. सीट खाली, हॅंडल वळवून समांतर. मागे गिअर सर्वात मोठ्या चक्रावर, म्हणजे डिरेलर आत सरकतो आणि मार खात नाही. पहिली सायकल चेनची बाजू वर करून आडवी. तिच्यावर दुसरी चादर. मग लेकीची सायकल उलट्या दिशेने, तीही चेन वर. पेडलना जुने मोजे, नाहीतर एकीचं पेडल दुसरीच्या तारांत घुसतं. (पेडल काढायचंच असेल तर लक्षात ठेवा, डावीकडचा आटा उलटा असतो.) शेवटी डिकीच्या चार कड्यांना दोन पट्टे. हे आळसाने टाळू नका. माझी सायकल चौदा किलोची आहे. करकचून ब्रेक लागला तर ती थेट आमच्या डोक्याशी येईल.

खरा शत्रू मात्र चिखल नाही, चेनचं काळं तेल आहे. चिखल वाळतो, झडतो, धुतला जातो. तेल एकदा छताच्या फिकट कापडाला लागलं की कायमचं. ते कापड खसाखसा घासताही येत नाही, आतला गोंद सुटतो आणि छत लोंबायला लागतं. म्हणून चेन फडक्याने पुसून तिच्यावर जुन्या जीन्सच्या पायाची खोळ. आणि शक्य असेल तर तेलाऐवजी मेणाचं वंगण वापरा. काळं जवळपास होतच नाही.

आता राहिली माणसं. इथल्या बागकामाच्या दुकानात दोन कड्यांचं मऊ प्लॅस्टिकचं घमेलं मिळतं. बूट, मोजे, पॅड सगळं त्यात. डिकीच्या कडेवर बसून पाय बाहेर ठेवून बूट बदलायचे, मग मोठा टॉवेल गुंडाळून कपडे. तेव्हाच पुढचा दरवाजा उघडायचा. ज्याने चेनला हात लावला त्याने हात धुतल्याशिवाय दाराच्या मुठीला शिवायचं नाही. आजी असती तर खूश झाली असती.

घरी पोचल्यावर पंधरा मिनिटांचं काम. सायकली बाहेर, ताडपत्री चारही कोपरे धरून उचलायची आणि अंगणात झटकायची. चादरी मशीनमधे. ओलं काहीही रात्रभर गाडीत ठेवायचं नाही. इथल्या थंडीत सकाळी काचा आतून घामेजतात आणि पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा असतो तसा कुबट वास बसतो. मग फटीत व्हॅक्यूम क्लीनरची बारीक नळी फिरवायची आणि सीट्स उभ्या करायच्या.

पंधरा मिनिटं हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. हेच काम दीड तासाचं असतं तर? पहिले दोन-तीन शनिवार केलं असतं. चौथ्या शनिवारी "आज नको, कंटाळा आलाय". पुढच्या वेळी लेकच म्हणाली असती, "इट्स ओके, बाबा". आणि त्या शंभर-सव्वाशेमधले शनिवार असेच गळत गेले असते, भांडण न होता. चांगल्या सवयी चिखलाने मरत नाहीत, चिखलाच्या धास्तीने मरतात. दुसरीकडे बायकोला दर रविवारी डिकी तपासावी लागली असती, तर तिची पेटी आणि माझी सायकल ह्यात बिचारी गाडी कज्जेदलालीला लागली असती. हल्ली ती तपासत नाही. सरळ पेटी ठेवते आणि जाते.

मागच्या महिन्यात लेकीने पट्टे स्वतः आवळले आणि मला म्हणाली, "बाबा, हात." मी हात पाहिले. काळे. दाराच्या मुठीपासून चार इंचांवर होते.

असो. ह्या शनिवारी सकाळी पावसाचा अंदाज आहे. म्हणजे रिजवे बाद, तिथे आत्ता गिलावा कालवलेला असेल. स्विन्लीला जाऊ. वाळू आहे, झडून जाईल.