एकाशन आणि मुगाची आमटी

आमच्या मातोश्रींचे चातुर्मासात एकाशन असते. एकाच भोजनात वृद्ध देहाला प्रथिने पुरतील का, ही आम्हां घरच्यांची चिंता. देहाचा खर्च रोजचा. जमा मात्र ताटातूनच व्हावी लागते.

अन्नातील प्रथिने जठरात व लहान आतड्यात विघटित होऊन अमिनो आम्ले बनतात. त्यांतून शरीर स्वतःची प्रथिने घडविते. त्यांपैकी 9 आम्ले आहारातूनच मिळतात. ज्वारीत लायसिन उणे, मुगात मेथिओनिन. भाकरी-आमटी एकत्र आली की दोन्ही उणिवा भरून निघतात.

100 ग्रॅम मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आणलेल्या मुगाची आमटी आम्ही घट्ट केली. द्विदलाच्या नियमामुळे दही टाळून शेंगदाण्याची चटणी वाढली. व्रत अभंग राहिले.

वडीलधाऱ्यांच्या ताटातली पातळ आमटी ही काटकसर नव्हे, तोटाच होय.