नाव बदललं, प्रोग्राम तोच

एएस/४०० म्हटलं की काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि "करिअर संपलं" म्हणणारे मित्र आठवतात. पण आतलं डिझाइन बघा राव!

१९७८ मध्ये आयबीएमने सिस्टीम/३८ जाहीर केलं. (त्याच वर्षी कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला, ते असो.) मेमरी वेगळी, डिस्क वेगळी ही भानगड त्यात प्रोग्रामला दिसतच नाही. शिवाय प्रोग्राम थेट प्रोसेसरसाठी नाही, तर मधल्या एका काल्पनिक मशीनसाठी कंपाइल होतो. १९८८ च्या एएस/४०० ने हे दोन्ही उचललं. १९९५ मध्ये ४८ बिटांचा प्रोसेसर जाऊन ६४ बिटांचा पॉवरपीसी आला, तरी जुने प्रोग्राम बहुतेक वेळा सोर्सला हात न लावता चालले. जावाचा गाजावाजा सुरू झाला तोही त्याच वर्षी!

नावांचा मात्र नुसता पोरखेळ. आयसिरीज, सिस्टीम आय, आणि २००८ पासून 'आयबीएम आय'. गूगलवर शोधून दाखवा.

आमच्या बॅचचा एकजण अजून आरपीजी लिहितो. परवा म्हणाला, "हाताखाली एक पोरगं दे रे, पुढच्या वर्षी मी सुटतो." चौघांना विचारलं. चौघेही हसले.